मे महिन्यातल्या शाली

मे महिना लागला की माझ्या मानेला खाज सुटते. हे घामोळं नव्हे. घामोळं महाडात सगळ्यांनाच येतं, त्याचं कोणी कौतुक करत नाही. माझी खाज लोकरीची आहे. हायवेवर नाक्यानाक्याला सत्कारांचे फ्लेक्स चढू लागले, त्यांवर गॉगल लावलेली, हात जोडलेली, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी तोंडं दिसू लागली, की माझा हात आपोआप कॉलरच्या आत जातो. मग मी एसटी स्टँडवर असो की कोणाच्या लग्नाच्या पंगतीत, म्हशीसारखा मान घासायला खांब शोधू लागतो.

महाडचा मे ज्याने भोगला नाही त्याला हे पटायचं नाही. चारी बाजूंनी डोंगर आणि बुडाशी आम्ही, कढईत जिरे पडावेत तसे. सावित्रीचं पाणी आटून म्हशींच्या पोटालाही लागत नाही. भर दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसलं तर ते परगावचं समजावं. आमच्या शेजाऱ्याने एकदा पत्र्यावर पापड वाळत घातले आणि भाजलेले उतरवले. ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. निदान त्यातला पापड तरी मी खाल्लेला आहे. अशा हवेत माणसाला पत्र्याच्या मंडपात उभं करायचं, त्याच्या अंगावर लोकरीची शाल टाकायची, ती घसरू नये म्हणून वरून हार घालायचा, आणि तो गुदमरला की टाळ्या वाजवायच्या! आमच्याकडे सत्कार मे महिन्यातच होतात. मुंबईचे चाकरमानी तेव्हाच गावी येतात, आणि टाळ्यांना हात तेव्हाच मिळतात. थंडीत कोणी कोणाचा सत्कार करत नाही. थंडीत शालीचा उपयोग झाला असता.

मी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. हे दोन शब्द आमच्या गावी, पोलादपूर तालुक्यात, उच्चारून पाहावेत. माझ्या पुढ्यात लोकांनी बंद पडलेले रेडिओ, मिक्सर, मोटारपंप आणून ठेवलेले आहेत. डॉक्टर झालो हे कळल्यावर वरच्या वाडीतल्या एका म्हातारीने गुडघा उघडा करून माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "आजी, मी तसला डॉक्टर नाही." तिने गुडघा झाकला आणि म्हणाली, "कळलं हो. मोठ्या लोकांचेच गुडघे बघत असशील."

माझं काम असं होतं. एखादा तारा मरतो आणि इतका जड होऊन आक्रसतो की त्याच्यातून उजेडसुद्धा बाहेर पडू शकत नाही. त्याला कृष्णविवर म्हणतात. पण गणित सांगतं की त्याच्या काठावरून किंचितशी ऊब झिरपतेच. ते विवर स्वतःभोवती गरगरत असेल तर ती ऊब किती, हे मी काढत होतो. ऊब म्हणजे तरी किती? आकाशातल्या अशा सगळ्या मेलेल्या ताऱ्यांची ऊब गोळा करून आईच्या चुलीखाली घातली, तरी चहाला आधण यायचं नाही. एवढ्याशा उबेसाठी मी ऐन तारुण्य घातलं. गणित शेवटच्या पायरीपर्यंत लाडात यायचं आणि तिथे उत्तर निघायचं अनंत. आता अनंत हे काही उत्तर नव्हे. तुम्ही कुठेतरी शेण खाल्लं आहे, असं निसर्गाने सभ्य भाषेत कळवणं म्हणजे अनंत.

मुंबईतल्या माझ्या संस्थेबद्दल बोलायला लागलो तर तोंड विसळावं लागेल. माझे मार्गदर्शक पायरी चुकली की "तुझं गणित" म्हणायचे आणि जमली की "आपलं काम". शोधनिबंधावर त्यांचं नाव पहिलं, माझं शेवटचं, आणि मधे अशांची नावं ज्यांनी दारातून डोकावून "काय, कसं चाललंय?" एवढंच विचारलेलं. परिषदांमध्ये एकमेकांचं ऐकताना सगळे डोळे मिटून बसत आणि स्वतःचं नाव आलं की बरोबर उघडत. तिथे शाली देत नाहीत, पण जो तो मनातल्या मनात एक पांघरूनच हिंडत असतो. आतून घामाने भिजलेला, वरून ताठ.

तरीसुद्धा त्या अनंतापायी मी ते सगळं गिळलं. आणि एकदाचं नशीब उघडलं. ते अनंत छाटून टाकायची युक्ती जगात ज्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाला ठाऊक होती, त्याने मला दोन वर्षांसाठी आपल्याकडे बोलावलं. देशाचं नाव घेत नाही, कारण अजून कधीमधी अर्ज करावासा वाटतो. जागा पक्की होती, राहायची खोली पक्की होती, फक्त व्हिसाचा शिक्का बाकी होता. मुलाखत मेच्या शेवटाला होती. तोवर आंबे खावेत म्हणून मी गावी आलो. ते साल अठ्ठ्याण्णव.

त्याच मेमध्ये आपल्या सरकारने राजस्थानच्या वाळवंटात अणुबॉम्ब फोडले. वाळवंट तिकडे हादरलं आणि धूळ येऊन पडली माझ्या डोक्यावर.

इथे तात्यामामाची ओळख करून द्यायला हवी. तात्या हा माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. गावात सगळ्यांना तात्या, मला तात्यामामा. सत्कार करणं हा त्याचा धंदा नव्हता. धंदा माणूस सोडू शकतो. कोणी दहावी सुटलं, कोणाची बदली झाली, कोणी कशेडी घाटात जीपमधून पडून वाचलं, की तात्यामामा शाल आणि नारळ घेऊन हजर. एकदा एका साहेबाचा सत्कार उरकल्यावर कळलं की तो शाळेची वीज तोडायला आला होता. त्याने ती तोडली नाही, हेही खरं. तेव्हापासून मामाची शालीवरची श्रद्धा इतकी वाढली की शाल घालून न सुटणारा प्रश्न जगात आहे, हे त्याला मान्यच नव्हतं.

स्फोटाची बातमी आली त्या दिवशी पोलादपूर स्टँडवर पेढे वाटत होते. उन्हाने ते इतके पाघळले होते की वाटत नव्हते, पुसत होते. मामाने एक माझ्या तोंडात कोंबला आणि कानाशी आला.

"खरं सांग, तुझा हात कितपत हाय त्यात?"

"मामा, माझा काडीचा संबंध नाही."

मामाने आजूबाजूला पाहिलं आणि खुशीत मान हलवली. "शाब्बास. असंच बोलायचं."

"अरे, मी कृष्णविवरावर काम करतो. बॉम्बवर नाही."

"कळलं रे. आणि नाव पण काय फक्कड ठेवलंय! देवाचं नाव. कोणाच्या बापाला संशय नाय यायचा."

यात मामाचं डोकं फिरलेलं होतं असं समजू नका. आमच्या भागात घराघरांतले बाप्ये फौजेत. सुट्टीवर आलेल्या जवानाला "कुठे असतोस?" विचारलं की तो म्हणतो, "तिकडंच." बस, एवढंच. जो अघळपघळ सांगतो तो भांडारात बटाटे मोजत असणार, आणि जो तोंड उघडत नाही तो ऐन सीमेवर, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे मी जितका जीव तोडून "माझा संबंध नाही" म्हणायचो, तितका मी त्या बॉम्बच्या अधिकाधिक जवळ सरकत गेलो. पोलादपुरात सकाळी मी बॉम्बचा स्क्रू आवळणारा होतो. एसटी महाडला पोचेपर्यंत बटण दाबणारा झालो. चीक न काढता आंबा चोखल्यामुळे माझ्या ओठावर फोड आला होता. तो बघायला उमरठवरून माणसं आली. लांब उभं राहून बघत. किरणं लागतील म्हणून.

मग सत्कार सुरू झाले. ग्रामपंचायत, शाळा, तालीम, महिला मंडळ, रिक्षावाले. शाळेच्या आवारातला सगळ्यात मोठा. वर पत्रा, खाली मी. पाठीमागे कापडी बॅनर: "अणुस्फोटाचे शिल्पकार, आपल्या मातीचे सुपुत्र" आणि खाली माझं नाव. शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, म्हणजे ती आधी कोणाच्या तरी खांद्यावरून कपाटात जाऊन आलेली. हारातल्या झेंडूत लाल मुंग्या होत्या, आणि त्यांना माझ्या विद्वत्तेशी देणंघेणं नव्हतं. लोकरीचे केस घामाने गळ्याला चिकटले. नारळ हलवला तर आत पाणी वाजत नव्हतं. तोफेची सलामी हवी म्हणून पोरांनी स्टेजखाली सुतळी बॉम्ब लावला. प्रमुख पाहुण्यांच्या धोतराला भोक पडलं आणि कोणाची तरी बकरी सुटून थेट आंबेनळी घाटाकडे गेली. ती महाबळेश्वरला सापडली असं म्हणतात.

पाहुणे बोलायला उभे राहिले. "यांनी शत्रूला असा दणका दिला आहे," ते म्हणाले, "की तिकडे एका फटक्यात लाखो माणसं भाजून निघतील!" आणि लोक हसले. हसले! शेजारच्या घरी माणूस वारला तर अख्खी वाडी चूल न पेटवणारे माझे लोक, तोंडात पेढा घेऊन हसले. मुंग्या, डांबरगोळ्या आणि तो पाघळलेला पेढा, सगळं एकदम घशाशी आलं.

मी माईक ओढून घेतला. म्हटलं, "या बॉम्बशी माझा काही संबंध नाही. असता तर मला लाज वाटली असती. मला त्याची किळस येते. त्या वाळवंटाच्या कडेलाही गावं आहेत. त्यांच्या विहिरी आहेत, गुरं आहेत. आपल्या गावाखाली कोणी असला खड्डा पाडला असता तर आपण पेढे वाटले असते का?"

मंडपात अशी शांतता पसरली की माझ्या हारातल्या मुंग्यांची पावलं मला ऐकू आली. मला वाटलं, झालं, पोचलं. आणि मग पुढच्या रांगेतून मामा उठला, डोळे पुसत. "बघितलंत? एवढं मोठं काम करून वर म्हणतो, माझा संबंध नाय! ह्याला म्हणतात संस्कार!" टाळ्यांनी पत्रा थडथडला. मला आणखी एक शाल घातली. पहिलीच्या वरून.

अजूनही वर्गात शिकवताना मधेच तो आवाज मला ऐकू येतो. मी फळ्यावर समीकरण लिहितो, मागे वळतो, समोर कोवळी तोंडं असतात, आणि क्षणभर वाटतं की आता ही सगळी टाळ्या वाजवतील. ती वाजवत नाहीत, कारण त्यातली अर्धी झोपलेली असतात. झोपलेल्या पोरांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

महाडात व्हिसा म्हटलं की हुसेनभाई. त्याने आखातात इतकी माणसं पाठवलीत की तिकडच्या बाजारात उंटसुद्धा महाडची बोली समजतात, असं तो स्वतःच सांगतो. माझी फाईल त्यानेच लावून दिली. मामाही सोबत होता.

"हे बघ डॉक्टर," हुसेनभाई म्हणाला, "त्यांना धास्ती एकाच गोष्टीची, तू तिकडंच बसशील. तू परत येणार हे दिसलं पाहिजे. घर आहे, जमीन आहे, आई आहे. खलास. जास्ती कागद घातले का जास्ती सवाल येतात."

"पण परत येणार हे दिसलं पाहिजे ना?" मामाने विचारलं.

"तेच तर दिसलं पाहिजे."

"मग झालं," मामा म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही. मामा गप्प बसला की समजावं, काहीतरी पेटलंय.

मुलाखतीला निघालो त्या दिवशी फाईल स्टँडपर्यंत मामाने छातीशी धरून आणली. मी खिडकीत बसल्यावरच हातात दिली. "जा. बिनघोर जा. आता कोणाची छाती हाय तुला नाय म्हणायची?"

वकिलातीतली ती थंडगार हवा मला अजून आठवते. त्या मेमधली ती एकच थंड जागा. काचेपलीकडे एक गोरी बाई, चेहऱ्यावर माशी हलणार नाही अशी इस्त्री. बरोबर दुभाषे म्हणून एक मराठी बोलणारे गृहस्थ. तिने विचारलं, काय काम करता? मी सांगितलं. मेलेला तारा, काठावरची ऊब, चहाचं आधणही सांगितलं. ती चक्क हसली. फाईल चाळत गेली. घर, जमीन, आई. आणि शेवटचं पान आलं.

शेवटी मामाने मानपत्र जोडलं होतं. इंग्रजीच्या मास्तरांकडून भाषांतर करून, झकास टंकलेखन करून, खाली ग्रामपंचायतीचा गोल शिक्का मारून. देशाच्या अणुशक्तीचे शिल्पकार म्हणून माझं नाव, आणि पुराव्याला फोटो: मी, दोन शाली, मागे बॅनर. ज्याला गावाने एवढा मान दिला तो गाव सोडून जाईलच कसा, हा मामाचा हिशेब होता. खरं सांगतो, हिशेबात चूक नव्हती. पेपर भलत्याच विषयाचा होता.

बाईच्या चेहऱ्यावरची इस्त्री परत आली. "हे काय आहे?"

"बाईसाहेब, हे खोटं आहे. मी स्टेजवरूनच सांगितलं होतं की हे खोटं आहे."

"मग?"

"त्यांनी विश्वास ठेवला नाही."

तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या स्वतःच्या गावाने ठेवला नाही," ती म्हणाली, "तर मी का ठेवावा?"

याला उत्तर काय द्यायचं? मी अजून शोधतो आहे. हेही बहुधा अनंतच येईल.

परत आलो तर मामा स्टँडवर उभा. मी "नाकारला" एवढंच म्हटलं. मामाचा चेहरा असा पडला की मी "का" ते सांगायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. ट्रक गेले, एसट्या गेल्या. मग एकदम त्याच्या डोळ्यांत दिवा लागला. "घाबरले!" तो ओरडला. "अरे, घाबरले तुला!" आणि मुंबईची सुट्टी संपून माणसं पांगायच्या आत माझा पुन्हा सत्कार झाला. परदेशाची नोकरी लाथाडून मायभूमीत राहिल्याबद्दल. त्या मंडपात मी एक अक्षर बोललो नाही. बोलून काय होतं ते मी पाहिलं होतं. त्याच स्टेजवर एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांना भरून आलं आणि त्यांनी मला आपल्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून जाहीर केलं. मुलाखत नंतर उरकली. तिच्यात एकच प्रश्न होता: "चहा घेणार ना?"

अशी माझी कारकीर्द. तिचा मला इतका वीट आला आहे की सांगताना जांभई आणि ओकारी एकदमच येते. वर्षानुवर्षं तोच लंबक, तोच धागा, तीच पोरं जी आधी उत्तर लिहितात आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं रचतात. बाहेरून येणारा परीक्षक आधी विचारतो, "जेवणाला मासा कुठला, सुरमई की हलवा?" आणि मग गुण देतो. माझे मार्गदर्शक आता फार मोठे झाले म्हणतात. त्यांनाही कोणीतरी शाल घातली. फोटोत ते छान दिसत होते, मान जराशी आखडलेली.

यंदाच्या मेमध्ये कॉलेजला सुट्टी लागल्यावर मी महाडच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो. पंखा फिरत होता तो हवेसाठी नव्हे, आवाजासाठी. जगभरातले लोक आपले निबंध जिथे फुकट वाचायला टाकतात, ती जागा उघडली. आणि समोर आलं: गरगरणाऱ्या कृष्णविवराच्या काठावरची ऊब. त्या म्हाताऱ्या प्राध्यापकाकडे माझी जागा रिकामी राहिली होती ना, तिथे जो पोरगा गेला, त्याने लिहिलेलं. मी एकेक पायरी उतरत गेलो. माझ्याच पायऱ्या होत्या, डोळे मिटून उतरता येतील अशा. शेवटच्या पायरीवर मी खुर्ची धरली. अनंत आलं, आणि त्याने ते एका बाजूने असं धरलं, दुसऱ्या बाजूने तसं धरलं, आणि ते गेलं. नुसतं गेलं. खाली उरलं एक लहानसं, स्वच्छ उत्तर.

मला राग यायला हवा होता. राग यायचा तर मला एवढंसं निमित्त पुरतं, हे इथवर वाचणाऱ्याला कळलंच असेल. पण तो आला नाही. मी त्या घाणेरड्या कीबोर्डसमोर बसून वेड्यासारखा हसत होतो.

गावी पोचलो तेव्हा आई पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. मनगटापर्यंत हात लाल, पुढ्यात सालांचा ढीग, बियांवर माश्या.

"काय रे, येकटाच हसतोस?"

"आई, ते उत्तर निघालं गो. माझं ते अडलेलं."

"तुझं निघालं?"

"निघालं. काढलं दुसऱ्याने."

तिने आणखी एक रातांबा फोडला, बिया अंगठ्याने बाजूला सारल्या. तिला कृष्णविवर कळत नाही, पण फाईलच्या शेवटी काय होतं ते मी तिला सांगितलं होतं. जगात तिला एकटीलाच.

"आणि तू गेला असतास तिकडं, तर तूच काढलं असतंस?"

मी थापाडा माणूस आहे. माझ्या गोष्टीतली बकरी महाबळेश्वरला पोचते. पण गणितात मला थाप मारता येत नाही.

"काढलं असतं," मी म्हटलं.

तिने सालं ढिगावर टाकली. मग हात न थांबवता, वर न बघता म्हणाली, "तात्याला सांगू नको हां. त्याला अन्न गोड लागायचं नाय."

मी सांगणार नाही. आजवर मामाला मी इतक्या वेळा खरं सांगितलं, त्यातलं एक अक्षर त्याने मानलं नाही. हे एवढं एकच तो ऐकताक्षणी मानेल.